आधी शेजारी, मग घर

रमजानमध्ये तरावीहची नमाज आटोपल्यावर मला येणाऱ्या फोनांपैकी बरेचसे एकाच विषयावरचे असतात. “सर, जूनपासून पुण्याला बदली झालीय. बायको आणि दोन लेकरं बरोबर आहेत. कुठं घर बघू?” विचारणारे बहुतेक माझे जुने विद्यार्थी. पूर्वी सोलापूरचा मुलगा नोकरीला लागला की पुण्यात कॉट बेसिसवर राहायचा आणि शनिवारी गाडी पकडून घरी यायचा. आता तो बिऱ्हाडासकट जातो. यंदाही रमजान शाळांच्या प्रवेशाच्या दिवसांतच आला आहे, त्यामुळे ईदच्या खरेदीच्या जोडीला घराची शोधाशोधही जोरात आहे.

फोन करणाऱ्यांत सगळ्या जातिधर्मांची मुलं असतात. प्रश्न मात्र दोन तऱ्हांनी येतो. मुस्लिम मुलगा विचारतो, “आपल्या लोकांचा एरिया कुठला?” दुसरा विचारतो, “चांगल्या लोकांचा एरिया कुठला?” शब्द वेगळे असले तरी दोघांच्या पोटातली काळजी एकच आहे. परक्या शहरात, आजी-आजोबा जवळ नसताना, माझं लेकरू सुखरूप राहील ना?

या प्रश्नाला फोनवर दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण आपल्याकडचा ओघ तिकडेच आहे; पण मुंबई, नाशिक, संभाजीनगरला निघालेल्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

हमसाया म्हणजे कोण?

अरबीत एक म्हण आहे, ‘अल-जार कब्ल अद्-दार’. घराच्या आधी शेजारी बघा. उर्दूत शेजाऱ्याला ‘हमसाया’ म्हणतात. ‘हम’ म्हणजे समान, ‘साया’ म्हणजे सावली. तुमची आणि ज्याची सावली एक, तो हमसाया. कुरआनमधल्या सूरह निसाच्या ३६व्या आयतीत आई-वडील, अनाथ, गरीब यांच्या बरोबरीनं शेजाऱ्यांशी चांगलं वागायला सांगितलं आहे, आणि तिथं जवळचा शेजारी आणि परका शेजारी असे दोघांचेही वेगळे उल्लेख आहेत. शेजारी आपल्याच नात्याचा किंवा जमातीचा असला पाहिजे, अशी अट तिथं घातलेली नाही.

मराठीतला ‘शेजारधर्म’ हा शब्दही याच जातकुळीचा. दूध उतू जाताना हाक मारायची, पाहुणे आले की चार खुर्च्या मागायच्या, मुलाला तासभर सोपवून दवाखान्यात जायचं, हे सगळं त्यात येतं. आपल्या पेठांमधल्या वाड्यांत आणि बोळांत हे वेगळं शिकवावं लागलं नाही. इफ्तारची ताटली शेजारी गेली तर ती रिकामी परत येत नाही, त्यात निदान चार केळी तरी येतात, हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

पण शहरात नव्यानं राहायला जाणाऱ्या जोडप्याला शेजार आयता मिळत नाही. तो शोधावा लागतो आणि त्याआधी काही कोरड्या, व्यवहारी गोष्टी पाहाव्या लागतात. लहान मुलांना कोणत्या गोष्टींनी खरोखर इजा होते, तिथून सुरुवात करू.

पहिलं भय रस्त्याचं

घर बघायला गेलेला बाप आधी विचारतो, “इथं चोऱ्या होतात का? मारामाऱ्या?” विचारायलाच हवं. पण मुलांसाठी त्याहून मोठा धोका फाटकाबाहेर उभा असतो. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यात अठरा वर्षांखालची मुलं सुमारे साडेनऊ हजार होती. म्हणजे दिवसाला पंचवीसहून जास्त.

म्हणून घर बघताना फ्लॅटच्या टाइल्स बघण्याआधी फाटकाबाहेर दहा मिनिटं उभं राहा. दार उघडल्यावर थेट वाहता रस्ता लागतो की मध्ये आतली गल्ली आहे? पदपथ आहे का, आणि असला तर तो चालायला मोकळा आहे की त्यावर दुचाक्या लावलेल्या आहेत? शाळेला, किराणा दुकानाला, मैदानाला जाताना मोठा रस्ता किती वेळा ओलांडावा लागतो? एकदाही ओलांडावा लागत नसेल, तर त्या घरासाठी दोन हजार रुपये भाडं जास्त द्यायला हरकत नाही.

सोलापूरकरांना हडपसर जवळचं वाटतं, कारण आपला रस्ताच तिथून शहरात शिरतो. पण हमरस्त्याला लागून असलेली इमारत आणि त्याच परिसरातली आतली शांत कॉलनी, यात लेकरांच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. सय्यदनगरसारख्या भागात रेल्वे फाटकाचाही विचार करावा लागतो. शाळा फाटकाच्या कुठल्या बाजूला आणि घर कुठल्या, हे आधी बघायला हवं. कात्रज-कोंढवा रस्त्यासारखा अवजड वाहनांचा रस्ता रोज ओलांडून मूल शाळेत जाणार असेल, तर शाळा कितीही नामांकित असली तरी पुन्हा विचार करावा.

कॅम्पातल्या जुन्या गल्ल्यांचं भाडं ऐकून डोळे पांढरे होतात, घरं जुनी आणि लहान असतात, गाडी लावायला जागा नसते. तरी तिथली पुष्कळ मुलं शाळेत चालत जातात, हे त्या भागाचं मोठं सुख आहे. पारशी, ख्रिस्ती, बोहरा, सिंधी, मराठी अशी सगळी माणसं तिथं पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या खिडकीसमोर राहत आली आहेत.

पाणी: येणारं आणि शिरणारं

काही दिवसांआड पाणी भरायची सवय असलेल्या सोलापूरकराला पुण्यात रोज नळ येतो याचंच अप्रूप. म्हणून तो पाण्याचं फारसं काही विचारत नाही. विचारायला हवं. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली. उंड्री, पिसोळी, धायरी, वाघोली ही नावं दलाल ‘पुण्यातच’ म्हणून सांगतो आणि ते खरंही आहे. पण हद्दीत येणं आणि घरात महापालिकेचं पाणी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा भागांत अनेक सोसायट्या टँकरवर आणि बोअरवर चालतात. मार्च ते मे या काळात टँकरचा खर्च कुणाच्या माथी, देखभाल शुल्कात की वेगळा, हे करार करण्याआधी विचारा.

टँकरचं पाणी हा नुसता पैशांचा प्रश्न नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात ‘गुइलेन-बॅरे सिंड्रोम’चे रुग्ण अचानक वाढले. हातापायांतली ताकद घालवणारा हा आजार. रुग्णांत लहान मुलंही होती आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे गेली. तेव्हापासून मी विचारणाऱ्याला सांगतो, पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली ते वॉचमनला विचारा. वॉचमनला माहीत नसेल तर सेक्रेटरीला विचारा. सेक्रेटरीलाही माहीत नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालं असं समजा. जवळ बांधकाम चालू असेल तर तिथं साचलेलं पाणीही बघा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, आणि दिवसा घरी असतात ती लहान मुलंच.

दुसरं पाणी घरात शिरणारं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला आणि अरण्येश्वर, सहकारनगरच्या बाजूला पाण्यानं घरांतून, गाड्यांतून माणसं ओढून नेली. त्या पावसात वीसहून अधिक जीव गेले. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरं पाण्याखाली गेली. ओढा उन्हाळ्यात पाहिला तर तो गटारासारखा दिसतो. एप्रिलमध्ये घर बघणाऱ्या माणसाला त्याचं पावसाळ्यातलं रूप कळतच नाही.

यावर उपाय आहे. जलसंपदा विभाग नदीकाठाला दोन पूररेषा आखतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. इमारत त्या रेषांच्या आत आहे का, हे विचारता येतं. ओढ्यांच्या बाबतीत त्याहून सोपा मार्ग म्हणजे गल्लीच्या तोंडावरचा जुना किराणा दुकानदार किंवा इस्त्रीवाला. “काका, पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत येतं?” असं विचारलं की तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. त्याला घर विकायचं नसतं, म्हणून तो खरं सांगतो.

भिंत कुणाची आणि सावली कुणावर

२९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत पावसानं कोसळली. भिंतीपलीकडच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या तिच्या खाली होत्या. पंधरा जण दगावले, त्यांत लहान मुलंही होती.

सुरक्षित वस्ती शोधताना ही घटना माझ्या मनातून जात नाही. भिंत बांधली जाते ती आतल्यांच्या सुरक्षेसाठी. ती पडते तेव्हा बाहेरच्यांवर पडते. आपण ज्या इमारतीत मुलांना घेऊन जातो, ती बांधणाऱ्या हातांचीही मुलं असतात आणि ती आपल्या मुलांच्या वयाचीच असतात. हमसायाची व्याख्या खरी मानायची तर त्यांच्यावरही सावली तीच आहे. निदान एवढं करता येतं. भिंतीला तडा दिसला, खोदाई पायाजवळ आलेली दिसली, तर भाडेकरू म्हणून गप्प बसायचं नाही. सोसायटीला लेखी कळवायचं आणि महापालिकेकडे तक्रार नोंदवायची.

इमारतीत शिरल्यावर मुलाच्या उंचीवर बसून बघा. शब्दशः खाली बसा. गॅलरीचा कठडा तुमच्या कमरेच्या वर येतो का? गज आडवे असतील तर मूल त्यांची शिडी करतं. गज उभेच हवेत, आणि दोन गजांमधलं अंतर दहा सेंटिमीटरपेक्षा कमी हवं. खिडक्यांना जाळी आहे का? असली तर आग लागल्यावर आतून उघडता येईल असा तिचा एक भाग आहे का? जिन्याखाली, मीटरच्या खोलीपाशी सायकली आणि जुन्या गाद्या रचलेल्या आहेत का? गच्चीचं दार आणि पाण्याच्या टाकीचं झाकण बंद असतं का? लिफ्टला जुन्या पद्धतीचं जाळीचं दार असेल, तर तीन वर्षांच्या मुलाचा हात त्यातून सहज बाहेर जातो, हे लक्षात ठेवा.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यात परवानाधारक संस्थेकडून घ्यायचं असतं. त्याला ‘ब’ नमुना म्हणतात. तो मागा. मिळेलच असं नाही, पण मागितल्यावर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

ओळखीचे चेहरे

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांबद्दल बोलायला आपण कचरतो. रमजानच्या पानावर हा विषय कशाला, असंही कुणी म्हणेल. पण आई-बापांच्या मनात तो असतोच, मग तो उघड बोललेला बरा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं एकच गोष्ट दिसते. पोक्सो कायद्याखालच्या अत्याचाराच्या शंभर प्रकरणांपैकी नव्वदहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, शिकवणीवाला, गाडीवाला.

याचा अर्थ असा की, ‘आपल्या लोकांत’ राहायला गेलो म्हणून ही काळजी मिटत नाही. उलट तिथं डोळे मिटून विश्वास टाकला जातो. वस्ती कुणाचीही असो, मुलाला कोण नेतं, कोण आणतं, शिकवणीच्या किंवा अरबीच्या वर्गात दार उघडं असतं का, दुपारच्या वेळी जिन्यात कुणाची ये-जा असते, हे विचारणं म्हणजे कुणाचा अपमान नव्हे. शाळेच्या गाड्यांसाठी राज्यात २०११ चे नियम आहेत. गाडीला त्या कामाचा परवाना हवा, मदतनीस हवा, अग्निशामक आणि प्रथमोपचाराची पेटी हवी. स्वस्तात मिळते म्हणून बारा मुलं कोंबणारी गाडी घेऊ नका. आणि मुलाला १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक पाठ करून द्या. बाराचा पाढा थोडा नंतर पाठ झाला तरी चालेल.

“नाव काय म्हणालात?”

आता अवघड भाग. माझ्या एका माजी विद्यार्थ्यानं मागच्या वर्षी पुण्यात फोनवर चौदा घरं ठरवली. प्रत्येक वेळी बोलणं छान व्हायचं. भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं, चावी कधी घ्यायची तेही ठरायचं. मग दलाल विचारायचा, “नाव काय म्हणालात?” त्यानंतर कधी घरमालकाचा भाऊ परदेशातून यायचा, कधी घर विकायला निघायचं, कधी सोसायटीची मीटिंग व्हायची. त्याचं मराठी माझ्याहून चांगलं आहे, हे सांगताना तो हसला. मला हसू आलं नाही.

कायदा इथं फार दूरपर्यंत सोबत करत नाही. सोसायटीला आपलं सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये गुजरातमधल्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात म्हटलं. पण भाडेकरूच्या बाबतीत एक गोष्ट ठाऊक असू द्या. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सदस्यानं घर भाड्यानं देताना सोसायटीला कळवायचं असतं, तिची परवानगी मागायची नसते. घरमालक तयार असेल तर ‘सोसायटी नको म्हणते’ हे शेवटचं उत्तर ठरत नाही.

नकारांचा परिणाम काय होतो? चौदा घरांनंतर तो मुलगा कोंढव्यात गेला. गेल्या तीस-चाळीस वर्षांत पुष्कळ मुस्लिम कुटुंबं अशीच तिकडे सरकली. काही स्वतःच्या पसंतीनं गेली, काही दुसरीकडे दार उघडलं नाही म्हणून. बाहेरचे लोक मग म्हणतात, “हे सगळे एकाच ठिकाणी का राहतात?” आणि आतले म्हणतात, “इथं निदान नाव सांगायला भीती वाटत नाही.” दोन्ही वाक्यं मी एकाच दिवशी ऐकली आहेत.

आपल्या माणसांत राहू इच्छिणाऱ्या बापाला संकुचित म्हणणं सोपं आहे. पण रात्री मूल तापानं फणफणलं तर कुणाचं दार वाजवायचं, हा प्रश्न त्याच्या मनात असतो. दंगलीच्या बातम्या वाचत मोठ्या झालेल्या पिढीला तो वाटणारच. माझं म्हणणं एवढंच आहे की, हा प्रश्न पहिला ठेवला की बाकीचे सुटतात. रस्ता अरुंद आहे, अग्निशमनाची गाडी वळणार नाही, पाणी टँकरचं आहे, मैदान नाही, पण ‘आपले लोक आहेत’ म्हणून होकार दिला जातो. तसंच दुसऱ्या बाजूला. ‘सगळे आपल्यातले आहेत, शाकाहारी सोसायटी आहे’ एवढ्यावर ओढ्याकाठचं घर घेतलं जातं. ओढ्याला कुणाची जात विचारायची सवय नाही.

मी दुसरं एक माप सुचवतो. त्या इमारतीत किंवा गल्लीत तुमच्या मुलाच्या वयाची किती मुलं संध्याकाळी खाली खेळताना दिसतात? आणि त्यांच्याकडे लक्ष ठेवणारी किती मोठी माणसं खाली बसलेली असतात? एखादी आजी बाकावर, एखादे निवृत्त काका फाटकाशी. जिथं मुलं खाली येतात आणि परक्या माणसाला “कोण हवंय?” असं विचारणारं कुणी असतं, तिथं कॅमेरे कमी असले तरी चालतं. तिथं दोन-तीन धर्मांची मुलं एकाच चेंडूसाठी भांडत असतील तर आणखी चांगलं. शीरखुर्मा, फराळ आणि नाताळचा केक तिन्ही खाऊन वाढलेल्या मुलाला मोठेपणी ‘नाव काय’ हा प्रश्न वेगळ्या सुरात विचारता येतो.

कागद पक्का हवा

घर पसंत पडलं की करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या ५५व्या कलमानुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. आता ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही द्यायची असते. ते टाळू नका, त्यात तुमचंच संरक्षण आहे.

रिवाज अकरा महिन्यांच्या कराराचा. पण मुलं शाळेत असतील तर दर वर्षी घर बदलणं म्हणजे दर वर्षी गाडी, मैत्री आणि शिकवणी बदलणं. तीन वर्षांचा करारही करता येतो. दरवर्षीची भाडेवाढ किती टक्के ते त्यातच लिहून घ्या. पाण्याचा खर्च, देखभाल, रंगाचे पैसे, गॅलरीला जाळी कोण बसवणार, हेही लिहा.

याच कागदाचा आणखी एक उपयोग आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी राखीव असतात. अल्पसंख्याक शाळांना हे कलम लागू नाही. प्रवेशात घरापासून एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी संधी मिळते, मग तीन किलोमीटरपर्यंतच्या. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करार लागतो. साध्या स्टँपवरच्या कागदाला तिथं किंमत नाही. म्हणून जूनमध्ये घर घेऊन मग शाळा शोधणं उलट आहे. आधी शाळा, मग तिच्याभोवती वर्तुळ, मग त्या वर्तुळात घर.

तीन वेळा बघा

घर एकदा बघून ठरवू नका. रविवारी सकाळी अकराला प्रत्येक गल्ली शहाणी दिसते. शाळा भरायच्या वेळी एकदा जा, म्हणजे वाहनांची गर्दी कळेल. संध्याकाळी सातला जा, म्हणजे माणसं कळतील. आणि एकदा रात्री अकरानंतर जा, म्हणजे दिवे, कुत्री, पानटपरीवरचा घोळका आणि वॉचमनची झोप, सगळं कळेल.

रमजानमध्ये हे आपोआप घडतं. सहरीच्या वेळी चारला उठलेला माणूस शहर वेगळंच बघतो. कुठल्या गल्लीत दिवा आहे, कुठून एकटी बाई दुधाला निर्धास्त जाते, हे त्या वेळी दिसतं. कौसरबाग किंवा मोमीनपुऱ्यात रमजानच्या रात्री पाय ठेवायला जागा नसते. खायला जायला ती जागा फार छान. पण दीड वर्षाच्या लेकराला दहाला झोपवायचं असेल, तर खिडकीखाली भट्टी नको. तोच हिशोब गणपतीच्या मांडवाला आणि मंगल कार्यालयालाही लावा. सण दूरून येणाऱ्यालाही साजरा करता येतो. त्यासाठी स्पीकरखालीच राहायला पाहिजे असं नाही.

बघायला जाताना घरातल्या बाईला बरोबर न्या. दिवसाचे बारा तास ती त्या घरात आणि त्या गल्लीत काढणार आहे. बाळाला घेऊन दवाखाना चालत किती लांब, औषधाचं दुकान रात्री किती वाजेपर्यंत, रिक्षा मिळते का, हे प्रश्न तिलाच सुचतात. १०८ ची रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी थांबेल की दारापर्यंत येईल, हेही तिथंच उभं राहून ठरवा. आणि मूल चालतं-बोलतं असेल तर त्यालाही न्या. त्याला खाली खेळायला पाच मिनिटं सोडा. कुणी त्याला नाव विचारतं का, बघा.

आपल्या गल्लीत येणारे

जाणाऱ्यांबद्दल इतकं लिहिलं. पण सोलापूरलाही माणसं येतात. बँकेत बदली होऊन, दवाखान्यात परिचारिका म्हणून, कारखान्यात नोकरीला, कॉलेजात शिकायला. कुणी बीडचं, कुणी कलबुर्गीचं, कुणी केरळचं. त्यांचीही लेकरं लहान असतात आणि तीही आपल्या वस्त्यांत उभी राहून दुकानदाराला विचारतात, “काका, इथं राहायला कसं आहे?” आपल्यापैकी कुणाच्या तरी घराच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या असतात, आणि कुणी तरी फोनवर विचारतो, “नाव काय म्हणालात?”

त्या प्रश्नाचं उत्तर ऐकून आपण पुढं काय बोलतो, यावर त्या मुलांसाठी सोलापूर कसं आहे हे ठरणार आहे. या महिन्यात एखादं नवं बिऱ्हाड तुमच्या जिन्यात आलं असेल, तर संध्याकाळी खजुराची किंवा भज्यांची एक ताटली घेऊन जा. रोजा असो वा नसो. त्यांच्या मुलांची नावं विचारा आणि आपल्या घरचा फोन नंबर त्यांच्या भिंतीवर लिहून द्या. रात्री कधी लागला तर उचला.

रमजान मुबारक.